मुलांचे हसरे वाङ्मय आणि सुकुमार राय

१९२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १० तारखेस कलकत्त्यातील गारपार रोडवरील एका घरात, सुमारे अडीच वर्षे काला-आजाराने झिजत आलेले एक गृहस्थ वारले. वय अवघे पस्तीस. मागे पत्नी, दोन वर्षांचा मुलगा आणि घरातच थाटलेला छापखाना. त्यानंतर नवव्या दिवशी, १९ तारखेस, त्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची मुद्रिते त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या तपासली होती. मुखपृष्ठ आणि आतली चित्रे त्यांच्याच हातची होती. फक्त बांधून तयार झालेली प्रत पाहण्याचे भाग्य त्यांच्या नशिबी नव्हते.

मृत्यू समोर दिसत असता माणसाने हातावेगळे केलेले हे पुस्तक वैराग्यपर असेल, निदान चार उपदेशाच्या गोष्टी तरी त्यात असतील, असे कोणासही वाटावे. तसे त्यात काही नव्हते. त्यात अर्धे बदक नि अर्धे साळिंदर असा एक प्राणी होता. आपली मिशी चोरीस गेली म्हणून सगळी कचेरी डोक्यावर घेणारे एक बडेबाबू होते. एकोणीस वेळा मॅट्रिकला आपटी खाल्लेला एक उपवर मुलगा होता. पुस्तकाचे नाव ‘आबोल ताबोल’, म्हणजे आपल्याकडे ज्याला वाटेल ती बडबड म्हणतात ते. लेखकाचे नाव सुकुमार राय. मागे राहिलेला दोन वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे चित्रपटांमुळे जगभर नावाजले गेलेले सत्यजित राय. मुलाच्या कीर्तीमुळे आपल्याकडील पुष्कळांना बापाचे नाव ठाऊक झाले आहे. बंगालमध्ये मात्र प्रकार उलटा आहे. तेथे मूल शाळेत जाण्यापूर्वी सुकुमारांच्या चार ओळी तोंडपाठ म्हणू लागते, आणि त्यांच्या मुलाचे चित्रपट पुष्कळ पुढे केव्हातरी पाहते.

मुलांसाठी विनोदी लिहिणे हे हातचे काम आहे, असा एक समज विद्वानांत आढळतो. मोठे लेखन करून दमल्यावर विरंगुळा म्हणून करावयाचे ते काम, असे ते मानतात. तिसरी-चौथीच्या वर्गात ज्याने एखादी गमतीची गोष्ट वाचून दाखविली आहे, त्याला हा समज किती खोटा आहे हे ठाऊक असते. मोठी माणसे विनोदाला पुष्कळदा भिडेखातर हसतात. बोलणारा वडीलधारा असला, वरिष्ठ असला, की हसू आपोआप येते. मुलांपाशी ही भीड नसते. पुस्तकातील विनोद फसला की वर्गातील चाळीस डोळे खिडकीबाहेर जातात, आणि लेखकाचे नाव कितीही मोठे असले तरी ते परत येत नाहीत.

शिवाय मुलांचा विनोद समजण्यास ज्ञान लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कुत्रा ‘म्याँव’ म्हणतो, असे ऐकून तेच मूल हसते, ज्याला कुत्रा काय म्हणतो हे पक्के कळलेले असते. रशियन लेखक कोर्नेई चुकोव्हस्की यांनी आपल्या दोन वर्षांच्याही आतल्या मुलीला हीच थट्टा स्वतःहून करताना पाहिले, आणि त्यावरून एक सिद्धान्तच मांडला. मूल जग उलटे करून पाहते ते जग सुलटे कसे आहे याची खूणगाठ बांधण्यासाठी. नवे ज्ञान हाती आले की ते त्या ज्ञानाशी खेळून पाहते. म्हणजे निरर्थक वाटणारी कविता ही अर्थ समजलेल्या मुलासाठी असते, न समजलेल्यासाठी नव्हे. याच चुकोव्हस्कींच्या ‘मगर’ या पद्यकथेवर १९२८ साली ‘प्रावदा’ पत्रात क्रूप्स्कायाबाईंनी कडक टीका केली. मुलांना या कथेतून खऱ्या मगरीविषयी काही माहिती मिळत नाही, असा त्या टीकेचा एक सूर होता. क्रूप्स्काया म्हणजे लेनिनच्या पत्नी आणि तेथील शिक्षणखात्यातील मोठ्या अधिकारी. त्यांचा शब्द म्हणजे केवळ एका वाचकाचे मत नव्हते. मुलांच्या थट्टामस्करीकडे राज्यकर्ते एवढे गंभीरपणे पाहतात, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

सुकुमारांचा जन्म १८८७ चा. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे स्वतः मुलांचे लेखक, चित्रकार, संगीतज्ञ, आणि या सर्वांबरोबर छपाईच्या विद्येतील अधिकारी पुरुष. छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत पृथक्करण करून ते छापण्याच्या ज्या पद्धतीला हाफटोन म्हणतात, तिच्यावरील त्यांचे लेख इंग्लंडातील ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येत. आपल्या पुस्तकांतील चित्रे वाईट छापली गेली, या उद्वेगातून ते या विद्येकडे वळले. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ नावाचे मासिक काढले. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे छेन्याची प्रसिद्ध मिठाईही. मासिकाच्या नावापासूनच श्लेषाला प्रारंभ झाला होता.

सुकुमार कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाले. कॉलेज सुटल्यावर मित्रांना जमवून त्यांनी एक ‘नॉनसेन्स क्लब’ काढला. त्या क्लबाचे हस्तलिखित मासिक निघे. त्याचे नाव ‘साडे बत्तीस भाजा’. कलकत्त्यात फेरीवाले बत्तीस तऱ्हेचे तळलेले जिन्नस एकत्र करून विकीत आणि वर अर्धी मिरची ठेवीत, म्हणून साडेबत्तीस. १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून ते छपाईचे शास्त्र शिकण्यासाठी विलायतेस गेले, लंडन व मँचेस्टर येथे शिकले आणि १९१३ मध्ये परत आले. १९१५ च्या अखेरीस वडील वारले. छापखाना आणि ‘संदेश’ हा दुहेरी भार त्यांच्या खांद्यावर आला.

आता येथे एक गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. इंग्रजीत या जातीचे वाङ्मय ज्या दोघांनी नावारूपास आणले, त्यांपैकी ‘अ‍ॅलिस’चा लेखक लुइस कॅरॉल हा ऑक्सफर्डमध्ये गणित शिकविणारा. दुसरा एडवर्ड लिअर हा पक्ष्यांची शास्त्रशुद्ध चित्रे काढणारा. पोपटांवरील त्याचा चित्रसंग्रह त्याच्या विशीच्या सुमारास निघाला. तिसरे हे सुकुमार, रसायनशास्त्र आणि हाफटोनवाले. तिघांचेही धंदे असे की ज्यांत केसाइतकी चूक खपत नाही. हा योगायोग नसावा. वेडेपणा लिहावयाचा तर हिशेब पक्का लागतो. ज्याला ‘काहीही’ लिहावयाचे आहे त्याने खरोखरच काहीही लिहिले, तर ते दोन ओळींत कंटाळवाणे होते. आपल्याकडील कित्येक हौशी बालकवींची येथेच फसगत झालेली दिसते.

लिअरचे नाव निघालेच आहे तर एक आठवण सांगण्याजोगी आहे. म्हातारपणी तो हिंदुस्थानात आला, १८७३ च्या अखेरीपासून सुमारे वर्षभर देशभर हिंडला आणि चित्रे काढीत राहिला. १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता छापली गेली. तिच्यात त्याने येथील साहेबलोकांच्या तोंडी असलेले देशी शब्द घेतले आणि त्यांचे अर्थ पार सोडून दिले. त्या कवितेतील बाई ‘धोबी’वर बसलेली असते, आणि धोबी हे काहीतरी आसन असावे असे विलायतेतील वाचकास वाटते. आपण वाचले की हसू लोटते. परका शब्द केवळ नादावर उचलणे ही मुलांचीच रीत. घरात बोलली जाते ती एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी, अशा गावांत वाढणाऱ्या मुलांना हा अनुभव रोजचा आहे. बेळगाव, हैदराबाद किंवा बडोदे येथील मराठी मुलाला शब्दाच्या दोन अर्थांची गंमत निराळी शिकवावी लागत नाही.

सुकुमारांनी लिअर आणि कॅरॉल दोघेही वाचले होते. परंतु त्यांनी उसनवारी केली नाही. त्यांची मिशी हरवते ती कलकत्त्याच्या हेडऑफिसात, आणि त्यांचा खटला चालतो तो आपल्या दिवाणी-फौजदारीच्या थाटात.

‘खिचडी’ या नावाची त्यांची कविता घ्या. तिच्यात दोन-दोन प्राणी एकमेकांत अडकले आहेत. बंगालीत ‘हाती’ म्हणजे हत्ती आणि ‘तिमी’ म्हणजे देवमासा. हातीचा शेवट आणि तिमीचा आरंभ एकच, म्हणून दोघांचा मिळून झाला ‘हातिमी’. हे जोडकाम मनास येईल तसे केलेले नाही. शब्दांचा सांधा जुळला तरच प्राण्यांचा सांधा जुळतो, हा त्यातील कायदा आहे. मराठीत करून पाहावयाचे तर सरडा आणि डास मिळून ‘सरडास’ होईल, हत्ती आणि तित्तिर मिळून ‘हत्तित्तिर’ होईल; पण गाय आणि घोडा यांचे काही जुळणार नाही. मुलांना हा कायदा सांगावा लागत नाही. दोन उदाहरणे फळ्यावर लिहिली की तिसरे ती स्वतः आणतात, आणि न जुळणारे एखाद्याने आणले तर बाकीची मुलेच त्याला हाणून पाडतात. संधी-प्रकरणाचा इतका उत्साही तास दुसरा होत नसेल.

परंतु सुकुमार एवढ्यावर थांबत नाहीत. प्राणी जोडला गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न ते विचारतात. हातिमीतील देवमासा म्हणतो पाण्यात चल, हत्ती म्हणतो रानात चल. पोपटाचे तोंड लागलेल्या सरड्याला चिंता पडते की किडे सोडून आता हिरवी मिरची खावयाची की काय! सिंहाला शिंगे नसल्याचे दुःख असते, ते हरणाशी जोडले जाऊन एकदाचे दूर होते. येथे बंगालीतील ‘सिंह’ आणि ‘शिंग’ यांच्या नादाचा खेळ आहे, आणि सुदैवाने तो मराठीतही जसाच्या तसा उतरतो. कल्पना एकदा वेडी, पण तिच्यापुढचे प्रत्येक पाऊल शहाणे, अशी ही पद्धत आहे.

‘ह-य-ब-र-ल’ हे त्यांचे गद्य पुस्तक याहून विलक्षण आहे. बंगाली उच्चाराप्रमाणे ‘हजबरल’. वर्णमालेतील ही अक्षरे अस्ताव्यस्त मांडलेली, म्हणजे सगळा गोंधळ. उन्हाळ्याचे दिवस, झाडाखाली पडलेला एक मुलगा घाम पुसण्यासाठी रुमाल उचलू जातो, तो रुमाल ‘म्याँव’ करतो; त्याचे मांजर झालेले असते. मुलगा आश्चर्य करू लागतो, तेव्हा मांजर त्याचीच समजूत घालते, की अंडे होते त्याचे बदक होते, त्यात जसे नवल नाही तसे यातही नाही! पुढे पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करणारा एक डोमकावळा भेटतो. सात दुणे चौदा, हे त्याला कबूल आहे. पण ते योग्य क्षणी लिहिले तर. मुलाने उत्तर दिले तेव्हा ते पुरते चौदा झालेले नव्हते, तेरा रुपये चौदा आणे तीन पै एवढेच झाले होते! आणे-पै १९५७ सालापासून व्यवहारातून उठले, त्यामुळे आजच्या मुलाला येथे एक वाक्य समजावून द्यावे लागते. पण कावळ्याचा तोरा समजावून द्यावा लागत नाही. त्याच पुस्तकात एक म्हातारा आहे. त्यांच्या गावी वय चाळिशीला पोचले की ते परत फिरवितात: एकोणचाळीस, अडतीस असे खाली उतरत जाते आणि दहापर्यंत आले की पुन्हा चढू लागते. म्हाताऱ्याचे वय असे कितीदा चढले-उतरले, आणि सध्या ते तेरा आहे. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांना हे प्रकरण मुलांपेक्षाही अधिक आवडते, असे दिसून येते.

शेवटी एक खटला उभा राहतो. अब्रुनुकसानीचा दावा. न्यायाधीश घुबड असून ते डोळे मिटून बसलेले. वकील मगर. बंगालीत ‘मान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक प्रतिष्ठा, आणि दुसरा अळूच्या जातीचा एक कंद. मगर-वकील ‘मानहानी’चा अर्थ लावताना सरळ कंदाकडे वळतो आणि कंदांच्या जाती सांगू लागतो. हा श्लेष मराठीत आणता येत नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण मराठीत ‘मान’ म्हणजे गळ्यावरचा अवयवही आहे! मराठी मगरीने कंद सोडून द्यावा आणि मानेची हानी कशी झाली, ती लचकली की आखडली, याचा पुरावा मागावा. कोर्टात जिराफास साक्षीला बोलवावे. अशा वाङ्मयाचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करावयाचे नसते. मूळ लेखक मराठीत जन्मला असता तर त्याने कोणता खोडसाळपणा केला असता, हे शोधावयाचे असते. असे भाषांतर करणारा आधी स्वतः विनोदकार असावा लागतो, आणि म्हणूनच चांगली भाषांतरे थोडी. इंग्रजीत सुकुमारांच्या काही कविता त्यांच्या मुलानेच आणल्या, त्यांचे पुस्तक १९७० साली निघाले. सुकांत चौधुरी यांचा मोठा अनुवाद १९८७ मध्ये आला. दोघांनीही शब्द पुष्कळदा सोडले आणि खोडी मात्र राखली.

खटल्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. फिर्यादी आहे, वकील आहे, पैसे मोजून आणलेला साक्षीदार आहे. फक्त आरोपी नाही, हे सर्वांच्या उशिरा लक्षात येते. तेव्हा एका भोळ्या पात्राला आरोपी करून उभे करतात. त्यालाही वाटते, साक्षीदारास पैसे मिळाले तसे आपणासही मिळतील. त्याला शिक्षा होते ती तीन महिने कैद आणि सात दिवस फाशी! मूल येथे ‘सात दिवस फाशी’ला हसते. मोठा माणूस हसतो आणि मग क्षणभर गप्प होतो, कारण त्याने कोर्टकचेरी पाहिलेली असते. ‘आबोल ताबोल’मध्ये अशीच एका देशाच्या कायद्यांवरची कविता आहे. तेथे चालताना कोणी घसरून पडला तर शिपाई त्याला धरून नेतो आणि एकवीस रुपये दंड होतो. संध्याकाळी सहाच्या आत शिंक आली तर तिकीट काढावे लागते. ही कविता परकीय राज्यात लिहिली गेली हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा रोख कोणीकडे होता ते सांगावयास नको. तिच्यात कोणाचे नाव नाही, आणि घोषणाही नाही. कायदा पाहून हसणारे मूल मोठेपणी कायद्याला विचारील, एवढेच.

हसण्याची ज्यांना मनाई आहे अशा एका जातीच्या पिलांवरही त्यांची कविता आहे. हसावे लागेल की काय या धाकाने ती पिले सदा सावध असतात. झोपसुद्धा सुखाची नाही. असे पिलू बहुतेक शाळांच्या शिक्षकांच्या खोलीत एखादे तरी सापडते. ते दुष्ट नसते. ‘मुले हसली की वर्ग हातून गेला’ एवढेच त्याला शिकविलेले असते.

सुकुमारांत सर्वच निर्दोष आहे असे मात्र म्हणता येत नाही. त्या एकोणीस वेळा नापास झालेल्या वराच्या कवितेत त्याच्या काळ्या रंगाचीही थट्टा आहे. कवितेचा खरा रोख कुळाच्या बडेजावावर आहे, हे कबूल. तरी वर्गात ती वाचताना आजचा शिक्षक त्या ओळीपाशी अडखळेल, आणि त्याने अडखळावे. त्या वर्गात पुढच्या बाकावर एखादे सावळे मूल बसलेले असते, आणि बाकीचे सगळे हसतात तेव्हा तेही हसते. पण त्याचे हसणे निराळे असते. मुलांसाठी विनोद लिहिणाऱ्याने ज्याची थट्टा केली तो वर्गात बसलेला आहे असे समजून लिहावे. बडेबाबू वर्गात बसलेले असते तर त्यांनाही हसू आवरले नसते, कारण त्यांची मिशी जागच्या जागी होती. ‘पगला दाशू’ या शालेय कथांतील दाशू तर याहून पुढचा. तो वेडा समजला जातो, पण फजिती होते ती शहाण्यांची. तो एक पेटी आणतो, तिला जिवापाड जपतो, आणि एके दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हाती लागेल अशी व्यवस्था करतो. मुले अधीरपणे पेटी उघडतात, गुंडाळलेले कागद सोडीत जातात, आणि शेवटी हाती येते ती एक चिठ्ठी: फाजील चौकसपणा बरा नव्हे. उपदेश आहेच; पण तो दाशूने केलेला आहे, मास्तरांनी नव्हे, आणि पेटी उघडण्याचे पाप केल्यावर मिळालेला आहे. असा उपदेश मुले आनंदाने गिळतात.

मराठीकडे पाहिले तर मुलांच्या मासिकांची परंपरा बंगालीपेक्षा उणी नाही. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ चे, वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ चे. त्यांनी मुलांना वाचावयास लावले, हे ऋण फार मोठे. परंतु आरंभीच्या काळात चरित्रे, शास्त्रीय माहिती आणि बोध यांचा भार अधिक, आणि निखळ वेडेपणाला जागा थोडी. गद्यात ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला आणि घरातल्या घरात हसू आले. चिं. वि. जोशी बडोद्यास पाली शिकवीत होते. चिमणरावांचे हे जनक बुद्धाची भाषा शिकवून उरलेल्या वेळी महाराष्ट्राला हसवीत होते, याचा बडोदेकरांना अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पद्यात मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ साली निघाली, आणि मग मराठी मुलांच्या कवितेतील प्राणी मोकळेपणी वाटेल तसे वागू लागले. ज्या कवीला पुढे २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्याने आपली प्रतिभा मुलांच्या वेडेपणावर खर्च केली आणि त्यात कमीपणा मानला नाही. सुकुमारांच्या बाबतीतही हेच दिसते. मुलांसाठी लिहिताना ते वाकून लिहीत नाहीत.

असे लेखन करू इच्छिणाऱ्याने सुकुमारांपासून उचलण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे छंदाची शिस्त. त्यांची कल्पना कितीही उधळली तरी मात्रा ढळत नाही आणि यमक ओढून आणलेले वाटत नाही. मुलांच्या कविता डोळ्यांनी वाचल्या जात नाहीत, तोंडाने म्हटल्या जातात. तीही एकट्याने नव्हे, चाळीस जणांनी एकदम. एका अक्षराचा खड्डा असला की चाळीस जण त्यात एकदम पडतात. छापावयास देण्यापूर्वी असे लेखन एखाद्या वर्गात मोठ्याने वाचून पाहावे. मुले कोठे हसतात यापेक्षा कोठे चुळबूळ करतात, तिकडे लक्ष ठेवावे. आणि चित्रे पुस्तक तयार झाल्यावर चिकटविण्याची वस्तू नव्हे. हातिमीचे नाव ऐकून मूल विचारते, सोंड कोणीकडे आणि शेपूट कोणीकडे? त्याचे उत्तर सुकुमारांच्या चित्रात असते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते; पण आपले प्राणी कसे दिसतात हे त्यांना नक्की माहीत होते.

१९२१ च्या मे महिन्यात मुलगा झाला, आणि त्याच वर्षी दुखणे जडले. काला-आजारावरील युरिया स्टिबामाइन हे औषध डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्याच कलकत्त्यात, त्याच वर्षांच्या आसपास सिद्ध केले. पुढे त्याने असंख्य जीव वाचविले. सुकुमार वाचले नाहीत. परंतु या अडीच वर्षांत ‘संदेश’ला त्यांचे लेखन मिळत राहिले. ‘हजबरल’ याच काळातील. अंगात ताप असता सात दुणे चौदाचा तो हिशेब लिहिला गेला आहे, हे वाचताना कोणास कळणारही नाही. रवींद्रनाथ त्यांच्या वडिलांचे स्नेही, आणि वयाने लहान अशा या मित्रावर त्यांचा फार लोभ. ते भेटीस येत, आणि सुकुमारांच्या इच्छेवरून त्यांनी अंथरुणापाशी बसून गाणी म्हटली. ‘आबोल ताबोल’च्या अखेरची कविता या शेवटच्या दिवसांतली आहे. तिच्यातही चमत्कारिक मौज आहे, अंधार आहे, नाद आहे. आणि अगदी शेवटी झोप दाटून येते व गाणे संपते. मूल समजते, कवीला झोप आली.

सुकुमारांच्या मागे छापखाना फार दिवस टिकला नाही. तो गेला, राहते घर सुटले आणि ‘संदेश’ही बंद पडले. १९६१ साली सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ते पुन्हा सुरू केले. तोवर चित्रपटांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. तरी आजोबांच्या आणि वडिलांच्या मासिकासाठी ते दरमहा लिहीत व चित्रे काढीत राहिले. वडिलांवर त्यांनी १९८७ मध्ये एक माहितीपट केला. वडिलांची प्रत्यक्ष आठवण मात्र त्यांच्यापाशी एकच होती, आणि ती त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत नोंदून ठेवली आहे. हवापालटासाठी सुकुमारांना गंगेकाठी सोदपूर येथे नेले होते. खोलीत खिडकीशी बसून ते चित्र काढीत होते. एकाएकी त्यांनी मुलाला हाक मारून सांगितले की जहाज चालले आहे. मूल धावत अंगणात गेले, आणि भोंगा वाजवीत पुढून जाणारी आगबोट त्याने पाहिली.